बारशाआधीची सीट
भाव पडल्यामुळे कापूस घरातच भरून ठेवायची ती वर्षं होती. कोंदट कापसाचा वास आला की बाळाला यवतमाळच्या दवाखान्यातून महागावला आणलं ती दुपार आठवते. गाडीत बाळाची पट्ट्यांची सीट बसवायची, हे मी नवऱ्याला दिलेल्या यादीत पहिलं काम होतं. न्यायला आल्यावर तो म्हणाला, "तिचं बक्कल तुटलं." बाळाला छातीशी धरून, प्रत्येक खड्ड्याला धास्तावत मी घरी पोचले. कापसाच्या ढिगामागे सीट दिसली. लावून पाहिलं, तर बक्कल खटकन लागलं. सासूबाई म्हणाल्या, "ही सीट म्हंजे पाळणाच. बारशाआधी लेकराले पाळण्यात ठेवतात काय व? मीच त्याले काढाले लावली." नवरा हसला, "पोचलं ना लेकरू?" सासूबाईंनी निदान खरं सांगितलं. आजही नवरा एखादं काम 'झालं' म्हणाला की मी उठून पाहून येते.