यंत्राची खंडेनवमी

आयुष्यात मी बरीच यंत्रं बनवली आणि त्याहून जास्त बिघडवली, पण त्यातलं एक असं होतं की गावाला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. ते दळत नव्हतं, पाणी उपसत नव्हतं, गाणी वाजवत नव्हतं. ठरलेल्या वेळी ते हवेत एवढंच पुकारायचं, की मी इथे आहे. समुद्रकाठी दीपस्तंभ असतो ना, तसा हा कानांनी ओळखायचा दीपस्तंभ. इंग्रजीत त्याला बीकन म्हणतात. तिसगावात लोक ‘गुरुजींची दवंडी’ म्हणत आणि मलाही तेच नाव जास्त आवडायचं.

सत्तर साल असावं. मी तिथल्या शाळेत शास्त्र शिकवायचो. हौशी माणसाला रेडिओवरून मोर्समध्ये, म्हणजे तारेच्या भाषेत, बोलायचं असेल तर सरकारी परवाना लागतो. त्याची परीक्षा मी दुसऱ्या खेपेला पास झालो होतो. पहिल्या खेपेचं विचारू नका. मधल्या काळात मला घोडेगावचे आबा भेटले. आबांनी उभा जन्म तार ऑफिसात कडकट्ट करण्यात घालवला होता आणि आता ते आपल्या घरी एकटेच राहत होते. दर रविवारी मी एसटीने मिरीमार्गे त्यांच्याकडे जाई. ते चहाच्या बशीवर चमच्याने अक्षरं वाजवत, मी ती ओळखायची. चुकलं की चहा नाही. बरोबर आलं तर तोंडी शाबासकी नाहीच. बशीवर नुसतं टिक टिक टिक टाऽ, तीन आखूड आणि एक लांब. ते वाजलं की समजायचं, जमलं, चल पुढे. मी त्या चार ठोक्यांसाठी जीव टाकायचो.

त्या वर्षी आबांचे कान चालले होते. उजवा कधीच गेला होता, डावाही निरोप घेत होता. माणसांचं बोलणं ओरडून सांगावं लागे, पण एका ठरावीक पट्टीतली बारीक शिट्टी हेडफोन कानावर दाबून धरला की अजून ऐकू येई. त्यांचा मुलगा नागपूरला नोकरीला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन तो त्यांना कायमचं घेऊन जाणार होता. मी दवंडीच्या खटपटीत आहे हे कळल्यावर आबा म्हणाले, “माझ्या शिकवणीचा आवाज एकदा हवेतनं येताना ऐकू दे. मग कान गेले तरी चालंल.”

झालं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

यंत्र साधंच होतं. जुन्या ग्रामोफोनच्या चावीवर एक पितळी चकती फिरायची. चकतीच्या कडेला मी कानशीने दाते पाडले होते, अरुंद दाता म्हणजे आखूड आवाज, रुंद दाता म्हणजे लांब. दात्याला वरची पत्र्याची पातळ पट्टी टेकली की हवेत शिट्टी जायची, सुटली की थांबायची. एका फेरीत आबांचे ते चार ठोके तीनदा आणि मग परवान्यावरची माझी खूण. चकतीवर एकदा कोरलं ते कोरलं. तिला कळत काही नव्हतं, पण ती चुकतही नव्हती. निदान माझा तसा समज होता.

हे सगळं बसवलं गिरणीत. गिरणीच्या इंजिनाच्या धुराड्यापासून मागच्या लिंबापर्यंत तार ताणायला जागा होती आणि इंजिनावर बॅटरीही फुकट भरून मिळायची. गिरणीवाले अण्णा म्हणजे हौशी गडी. आपल्या छपरातून काहीतरी आकाशात जातं, याचाच त्यांना केवढा अभिमान. दळण घेऊन आलेल्या बायकांना ते सांगत, इथनं आवाज थेट ढगात जातो. बाया पदर सावरून वर बघत. दर तासाला चावी द्यायचं काम अण्णांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. परवाना माझ्या नावावर होता, पण नियमांच्या पुस्तकात चावी देणाऱ्याबद्दल काही लिहिलेलं मला सापडलं नाही, आणि मी फार शोधलंही नाही.

आबांना ऐकवायला मी नवमीचा दिवस धरला. शाळेला सुटी, आणि पुढे एकच दिवस हातात. अण्णांना सांगितलं, मी घोडेगावी जातोय, तुम्ही सकाळपासून दर तासाला चावी द्या. त्यांनी मान हलवली. आता आठवतं, की मान हलवायच्या आधी ते जरा थांबले होते. आपल्याकडे समोरच्याला तोंडावर नाही म्हणणं कुणाला जमतं? मी रिसीव्हर शबनममध्ये घालून पहिली एसटी पकडली.

घोडेगावी आबा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. मी अंगणात तार बांधली, सेट लावला, एक हेडफोन त्यांच्या डाव्या कानावर आणि एक माझ्या. तास भरला. काही नाही. नुसता खरखराट. मी म्हटलं, अण्णांचं घड्याळ मागे असेल. दुसरा तास भरला, तरी तेच. मग मी कामाला लागलो. तार चिंचेवर चढवली. चिंचेवरून कौलांवर आणली. बॅटरीची टोकं घासली, जिभेला लावून पाहिली आणि तोंड वाकडं केलं. शेजारच्या पट्टीत कुठलं तरी दूरचं स्टेशन खणखणीत लागत होतं, म्हणजे सेट धडधाकट होता. आमच्या जागेवर मात्र स्मशानशांतता.

आबा हे सगळं बघत होते. त्यांना काय वाटत असेल हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शांत सेट आणि बंद कान यांतला फरक त्यांना कसा कळणार? तिसऱ्या तासाला त्यांनी हेडफोन काढला आणि मांडीवर ठेवला.

“येतंय ना रे?” ते म्हणाले. “तू उगं माझ्यासाठी न्हाई म्हनतोस. येतंय, मलाच ऐकू येईना.”

मी ओरडून सांगितलं, हातवारे केले, गळ्याची शपथ घेतली. ते हसले आणि माझा हात थोपटला, लहान मुलाचं खोटं मोठी माणसं पोटात घालतात तसा. मला इतकं वाईट वाटलं की मी उठून उगाचच चिंचेखाली जाऊन तार तपासू लागलो.

गंमत अशी, की उत्तर सकाळपासून माझ्या नाकासमोर मांडलेलं होतं. समोरच्या घराच्या ओसरीवर नांगराचा फाळ, कुऱ्हाड, विळे, खुरपी धुऊनपुसून ओळीने ठेवली होती. तार ओढता ओढता मी त्यांच्यावरून चारदा उडी मारून गेलो होतो. तेवढ्यात शेजारच्या मावशी पूजेचं ताट घेऊन आल्या. आबांच्या घरात हत्यार म्हणून अडकित्ताच काय तो होता. त्याला त्यांनी कुंकू लावलं आणि मग माझ्या रिसीव्हरकडे बघून, हेही हत्यारच दिसतंय, असं म्हणून त्यालाही बोट लावलं. वर झेंडूचं फूल ठेवलं. मी बटण फिरवायला हात पुढे केला तर मावशींनी तो हात बाजूला केला.

“आज खंडेनवमी हाय. आज हत्याराला राबवत न्हाईत, गुरुजी. एक दिस तरी त्याला इसावा नको व्हय?”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शाळेला सुटी, गिरणीला सुटी, नांगराला सुटी, आणि मी माझ्याच यंत्राला तेवढं कामाला जुंपून आलो होतो. आबांच्या समोर बसून मी मोठ्या अक्षरांत पाटीवर लिहिलं, की आज दवंडीला सुटी आहे, उद्या सकाळी वाजेल. त्यांनी वाचलं आणि पाटी पालथी करून ठेवली. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता, हे उघड दिसत होतं. सेट त्यांच्याजवळ ठेवला, फिरवायचं बटण जागेवर दोऱ्याने बांधून टाकलं आणि मी एसटीकडे पळालो.

दिवेलागणीला गिरणीत शिरलो आणि माझा राग दारातच गळून पडला. पाटावर लाल कापड, त्यावर पान्हे, हातोडा, वजनं, आणि सगळ्यांच्या मधोमध माझी दवंडी. झेंडूचा हार इतका जाड, की आत यंत्र आहे की नवरदेव ते कळू नये. पुढे नारळ, पेढा. अण्णा नवीन टोपी घालून उभे होते.

“पैला मान तुमच्या यंत्राला दिला,” ते म्हणाले. “इंजनाला बी मागं बसवलं.”

मी आबांचं सगळं सांगितलं. अण्णांचा चेहरा पडला. पण चावी द्यायला ते तयार होईनात. आज दिली आणि उद्या काही वेडंवाकडं झालं तर त्यात आबांचंच नुकसान, असं त्यांचं म्हणणं. ह्या युक्तिवादाला शास्त्राच्या पुस्तकात उत्तर नाही. मी पेढा खाल्ला आणि घरी गेलो.

दसऱ्याला उजाडताच हार उतरवला, चावी दिली, चकती फिरू लागली. मी घरचा छोटा सेट कानाला लावला आणि कपाळावर हात मारून घेतला. दवंडी तोतरी झाली होती. टिक टिक, मग मध्येच खड्डा, मग टाऽ. माझ्या खुणेचं तर पार भजं झालं होतं. आबा तिकडे हेच ऐकत असणार, किंवा काहीच ऐकत नसणार, आणि कुठलं वाईट ते मला ठरवता येईना.

आधी बॅटरीवर संशय घेतला. मग डाखाचे सांधे हलवून पाहिले. मग नीट कान देऊन ऐकलं, तर प्रत्येक फेरीत खड्डे त्याच जागी पडत होते. बॅटरी बिघडली असती तर ती कुठेही अडखळली असती. दर फेरीला जे त्याच जागी चुकतं, ते चकतीवरच असणार. चकती थांबवून खिडकीशी धरली. कडेला पाच ठिकाणी पाच बोटं, कुंकवाची. अण्णांनी कितीही अंघोळ केली तरी त्यांच्या बोटांतलं इंजिनाचं तेल जात नसे; त्या तेलात कालवलेलं कुंकू दात्यांवर छान वाळून बसलं होतं. पट्टी टेकत होती, पण पितळेला नाही, कुंकवाला. हार उतरवल्यापासून ते मला दिसत होतं. पण कुंकू कुठे नव्हतं? इंजिनावर होतं, उंबऱ्यावर होतं, अण्णांच्या कपाळावरही होतं.

मी रॉकेलची चिंधी घेतली आणि मागून वहिनींचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा, आवाज आला.

“सणाच्या दिवशी कुंकू पुसताय, गुरुजी?”

चिंधी हातातच राहिली. अण्णा माझ्याकडे बघत होते, मी वहिनींकडे. मला आबांनी मांडीवर ठेवलेला तो हेडफोन दिसत होता. माझ्या तोंडून काहीतरी वाकडं जाणार होतं, पण वहिनींनीच तोड काढली. पूजा उतरवल्याशिवाय पुसायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी चकतीवर चार अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि पाट दोन बोटं उत्तरेला सरकवला. गणपती बोळवताना हलवतात, तसा.

“आता देव गेला. आता पुसा,” त्या म्हणाल्या, आणि रॉकेलची चिंधी माझ्या हातातून काढून घेऊन चिंचेचा कोळ आणायला स्वतःच आत गेल्या.

चकती सोन्यासारखी निघाली. पुन्हा चावी दिली. टिक टिक टिक टाऽ, अगदी स्वच्छ. त्या दिवशी अण्णांनी दर तासाला काय, दर घटकेला चावी दिली. सणाचं जेवणही ते चकतीशेजारी बसून जेवले. पण दवंडीचं एक असतं, ती नुसती पुकारते. कुणी ऐकलं की नाही हे तिला कळत नाही. तार ऑफिस बंद. आबांकडून काही कळायची सोय नव्हती. उद्या त्यांचा मुलगा येणार होता.

संध्याकाळी गाव सोनं लुटून परतलं. आम्ही गिरणीच्या दारात एकमेकांना आपट्याची पानं देत होतो. शेवटची एसटी थांबली आणि तिच्यातून इस्त्रीचा सदरा घातलेले आबा उतरले. बगलेत माझा सेट, बटणाचा दोरा तसाच. लहानांनी मोठ्यांच्या घरी सोनं द्यायला जायचं, ही आपल्याकडची रीत. अण्णा पुटपुटले, हे उलटंच झालं.

मी पुढे पळालो. ऐकलंत का, असं विचारायचं होतं, पण धीर होईना. हो म्हणाले तर ते माझ्यासाठी म्हणतील, आदल्या दिवशी त्यांना माझ्याबद्दल वाटलं तसंच.

आबांनी खिशातून आपट्याचं पान काढून माझ्या हातात ठेवलं.

“सकाळी तोतरं बोलत हुतं,” ते म्हणाले. “दुसऱ्या टिकानंतर खड्डा. मग धड झालं. तेव्हा उठलो.”

खड्ड्याचं मी कुणालाच कळवलं नव्हतं. बोलून त्यांना ऐकू आलं नसतं. मी वाकून पायांवर डोकं ठेवलं. आबांनी तोंडाने आशीर्वाद दिला नाही. पाठीवर त्यांची दोन बोटं पडली, तीन आखूड आणि एक लांब.