देवयानीचा सात दिवसांचा तक्ता

देवयानी सबनीस मला पहिल्यांदा दिसली ती कॅनडात, आमच्या रेजिना शहरातल्या बिल्डिंगच्या लाँड्री रूममध्ये. मशीनमध्ये कपडे फिरत होते, बाक रिकामा होता, आणि ही चाळिशीची बाई भिंतीवरच्या टीव्हीसमोर उभी राहून वहीत काहीतरी टिपत होती. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर वाळलेल्या काटेरी फांद्यांसारखी अक्षरं. चाळीस वर्षं मुलांची अक्षरं लावून वाचली, पण ही काही मला लागली नाहीत.

"बसा की," मी म्हटलं.

"बसले की चुकेल, काकू. बघा ना, सकाळपासून तिसऱ्यांदा घर सजवायचा कार्यक्रम! आणि म्हणे म्युझिक चॅनल."

देवयानी नागपूरची, सॉफ्टवेअर टेस्टर. काय व्हायला हवं होतं, काय झालं, कितीदा झालं, हे लिहून देणं हे तिचं रोजचं काम. हेवी मेटल, म्हणजे कानठळ्या बसवणारं रॉक संगीत, हा तिचा जीव. नवरा जयदीप त्याला 'मांडणी कोसळली' म्हणायचा. चॅनलवरचा शनिवारचा मेटलचा तास दोन वर्षांपूर्वी बंद झाला होता. आता लायसन्सच्या नूतनीकरणात चॅनलला गाण्यांची वेळ आणखी कमी करून हवी होती, आणि सरकारच्या प्रसारण आयोगाने त्यावर लोकांची मतं मागवली होती. तो तास परत आणायची ही एकच संधी, असं देवयानीने मनाशी धरलं होतं. म्हणून तिने सात दिवस चॅनलच तपासायला घेतला. ती झोपली की रेकॉर्डर जागा राहायचा.

पुढच्या आठवड्यात ती आयोगाला पाठवायचं पत्र आणि तक्ता, अशी सहा पानं घेऊन माझ्याकडे आली. तोवर मी शिक्षिका होते हे तिला कळलं होतं, आणि मी काकूची बाई झाले होते. तिचा गुडघा टेबलाखाली इतका हलत होता की कपातला चहा थरथरत होता.

"एकशे अडुसष्ट तासांत मेटल किती, सांगा बाई. अकरा मिनिटं! त्यातली चार गाडीच्या जाहिरातीतली."

"हा 'निर्लज्ज' शब्द काढ."

"का? आहेतच ते चॅनलवाले."

"तो ठेवलास तर तुझा तक्ता कोणी वाचणार नाही."

तिने शब्द खोडला, उठली, खिडकीपर्यंत जाऊन आली. खरी अडचण वेगळीच होती. पत्राखाली नाव लागणार होतं आणि ते सगळ्यांना वाचता येणार होतं. जयदीपला ते नको होतं.

"सिटिझनशिपची फाइल आत आहे आणि तू सरकारकडे तक्रार करतेस? तीही टीव्हीची?"

"सरकारनेच विचारलंय."

"ते विचारतात गं. आपण सांगायचं नसतं!"

त्यांची बारा वर्षांची मुलगी जाई फोनवरून मान न उचलता म्हणाली, "मॉम, नोबडी इव्हन वॉचेस टीव्ही."

मुदत शुक्रवारी पाचची होती. त्या दुपारी ती आमच्या कॉरिडॉरमध्ये फेऱ्या मारत होती. पाचला दहा मिनिटं असताना तिने जयदीपला फोन लावला. "पाठवतेय. तुझं नाव कुठेही नाहीये."

"आडनाव एकच आहे ना!" हे मलासुद्धा ऐकू आलं. तिने पाठवून दिलं.

मतं पाठवणाऱ्यांची आयोगापुढची सुनावणी व्हिडिओवर झाली. तिला पाच मिनिटं मिळाली. मी कॅमेऱ्यात येणार नाही अशी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते. जयदीप न सांगता लवकर घरी आला आणि त्याने घरघरणारा डिशवॉशर बंद केला. आयोगाच्या एका सदस्याने विचारलं, इंटरनेटवर सगळं मिळतं, मग चॅनलवर कशाला हवं?

देवयानी खुर्चीतून उठलीच. "शोधायला आधी नाव माहीत लागतं," ती इंग्रजीत म्हणाली. "मी इथे आले त्या हिवाळ्यात बाहेर उणे पस्तीस होतं. मुलगी झोपली होती, घरात बोलायला कोणी नव्हतं. काहीतरी लावायचं म्हणून टीव्ही लावला, तर हाच मेटलचा तास चालू होता. तासाभराने लक्षात आलं, आज मी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. तुम्ही मला विचारलं असतं, तर मी हे संगीत मागितलंच नसतं. मला ते माहीतच नव्हतं."

सदस्याने आभार मानले. पुढचं नाव पुकारलं गेलं.

निर्णय चार महिन्यांनी आला. चॅनलला हवी होती तेवढी सूट मिळाली. देवयानीच्या तक्त्याचा उल्लेख एका तळटीपेत होता. सिटिझनशिपची फाइल त्याआधीच पास झाली होती. तक्त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

"तळटीप का असेना, छापली ना," मी म्हटलं.

"तळटीप ऐकता येत नाही, बाई."

आठवडाभर ती चिडचिडी होती. मग इथल्याच लोकांचे कार्यक्रम दाखवणाऱ्या कम्युनिटी केबल चॅनलच्या ऑफिसात जाऊन तिने मेटलसाठी अर्धा तास मागितला. आधी वर्षभर स्वयंसेवक म्हणून काम करा, मग बघू, असं त्यांनी सांगितलं. त्याला सात महिने झाले. सध्या ती त्या चॅनलसाठी दर सोमवारी संध्याकाळी सिटी कौन्सिलच्या बैठकीत दोन नंबरचा कॅमेरा सांभाळते.