साकवाचा वाटा

आमच्या गावाला राग कशाचा येतो हे बघायचं असेल तर यात्रेच्या दुसऱ्या दिवशी या. भोरहून वेल्ह्याकडे जाणारी एसटी फाट्यावर सोडते, तिथून देवळापर्यंत चालत या. पहिला दिवस गोडाचा. पालखी निघते, ढोल वाजतात, सगळे गळ्यात गळे घालून फिरतात. दुसरा दिवस तिखटाचा. गावानं मिळून घेतलेली बोकडं कापली जातात आणि देवळामागच्या वडाखाली पळसाच्या पानांवर मटणाचे वाटे पडतात, घर तितके वाटे. एकाच्या वाट्यात नळी गेली आणि शेजाऱ्याच्या वाट्यात नाही गेली, की माणूस सख्ख्या भावाची गचांडी धरतो. चिमाजीचं आणि त्याच्या चुलतभावाचं असंच एका नळीवरून वाजलं, ते अजून एकमेकांच्या दारात जात नाहीत.

अशा या गावात वाटे घालायचं काम रफीकभाई मुलाण्यांकडे होतं. गावात मुसलमानाचं एकच घर, तेही ओढ्यापलीकडच्या वाडीत. बोकडावर सुरी फिरवायचा मान त्यांच्या आज्याला गावानं दिला, सुरीही गावानंच दिली, आणि वाटे घालायचं काम त्या सुरीबरोबर आलं. एरवी रफीकभाई सारोळ्याला हायवेच्या कडेला मटणाचं दुकान चालवायचे. पण यात्रा आली की दुकानाला कुलूप, आणि हा माणूस चार दिवस आधीपासून सुरीला धार लावत ओसरीवर बसलेला. त्या मानाचा त्यांना भारी ताठा होता, आणि तो ते लपवतही नसत.

स्वभावानं म्हणाल तर तापट. वाटे घालताना ताडपत्रीजवळ कुणी आलेलं खपायचं नाही. सरपंचालाही म्हणायचे, "चप्पल काढा आन लांब व्हा, हितं तुमची सभा न्हाई." तागडीला हात लावायचे नाहीत. म्हणायचे, तागडी वजन सारखं करते, भांडण मिटवत नाही. प्रत्येक पानावर मांडीचा तुकडा हवा, बरगडी हवी, कलेजीची चिमूट हवी, चरबी हवी आणि हाडूकही हवं. मांस एकाला आणि हाडं दुसऱ्याला, असा वाटा त्यांच्या हातून कधी पडला नाही.

तरी गावाचा संशय फिटायचा नाही, म्हणून जुनी रीत आहे. रफीकभाई एका वाट्यावर हात ठेवून विचारायचे, "ह्यो कुणाचा?" आणि एक माणूस वाट्यांकडे पाठ करून, देवळाकडे तोंड करून उभा असायचा, तो घराचं नाव घ्यायचा. वाटा घालणाऱ्याला नाव माहीत नाही, नाव घेणाऱ्याला वाटा दिसत नाही. कुणाला बोलायला जागाच नाही. मुलाण्यांचा वाटा सगळ्यांच्या शेवटी, जो उरेल तो. पाठ करून उभा राहणारा तो माणूस म्हणजे मी, हणमंत. इतकी वर्षं उभा राहिलो, गेल्या वर्षीपर्यंत एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं.

आता साकवाचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. गाव आणि वाडी यांच्यामध्ये ओढा आहे. पावसाळ्यात वाडीची माणसं पलीकडे अडकून पडायची. आमच्या भागाचे पुढारी आनंदराव निवडून आले, त्यांनी साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, मंजूर करून आणला. ठेका त्यांच्या मेहुण्याला. नारळ फुटला, फटाके वाजले, आनंदरावांच्या नावाचा हा मोठा फलक लागला. दुसऱ्या पावसाळ्यात साकवाचा मधला भाग खाली बसला. तुटलेल्या तोंडातून आत बघितलं तर सळई औषधालासुद्धा नव्हती. ओढ्यातलेच गोटे आणि वर सिमेंटचा हात फिरवलेला. त्याच वर्षी आनंदरावांच्या बंगल्यावर दुसरा मजला चढला. पुढं उरलेला साकवही वाहून गेला, फलक मात्र राहिला. त्याचे खांब चांगले लोखंडी होते.

साकव बसला तेव्हा रतनबाई दुधाची किटली घेऊन त्याच्यावर होती. रतनबाई म्हणजे रफीकभाईंची शेजारीण, एकटी म्हातारी. कमरेचं हाड मोडलं. घोंगडीची झोळी करून तिला पाण्यातून अलीकडे आणली, पुढचा काठ धरला होता रफीकभाईंनी. म्हातारी वाचली, पण चालायची थांबली ती थांबलीच.

आणि गाव काय म्हणालं असेल? "म्हातारीनं पावसाचं जायाचंच कशाला?" असं म्हणालं. चावडीवर मी या कानांनी ऐकलं आहे. कुणी म्हणालं, खातो पण काम तरी आणतो. कुणी म्हणालं, दुसरा आला तरी खाणारच आहे, हा निदान मयताला येतो. एक तर कौतुकानं म्हणाला, "लई हुशार मानूस, सळई न घालता साकव दोन वर्सं हुबा ठेवला." आणि सगळे हसले! मला विचाराल तर आनंदरावांचा मला राग आलाच, पण त्या हसण्याचा जास्त आला. चोराला चोर म्हणायची लाज वाटते आणि मोडलेल्या म्हातारीला दोष द्यायची वाटत नाही, याला काय म्हणायचं?

तर गेल्या वर्षी निवडणूक तोंडावर होती. आनंदरावांनी जाहीर केलं, यंदा यात्रेची सगळी बोकडं माझ्याकडून. गाव हरखलं. देवळापुढं त्यांचा बॅनर लागला, देवापेक्षा मोठा. तिखटाच्या दिवशी सकाळी बोकडं कापून झाली, आणि आनंदरावांचा एक माणूस येऊन गेनबाअण्णांच्या कानाला लागला. गेनबाअण्णा यात्रा कमिटीचे म्होरके, गावात त्यांचा शब्द खाली पडत नाही. ते रफीकभाईंकडे आले. मी शेजारीच पानं पुसत होतो.

"रफीक, मांड्या आन कलेजी बाजूला काढ. सायबाचं पाव्हनं येनार हायेत पुन्यावरनं."

"अण्णा, आजवर कुणाचं बाजूला काढलं व्हतं का?"

"आजवर समदी बोकडं बी एकट्यानं कुणी दिली नव्हती. त्येचीच हायेत, त्येनं घेतली तर काय बिघडलं?"

"देवाला दिली न्हवं? मग त्येची कशी ऱ्हायली?"

अण्णांनी आवाज खाली आणला. "हे बघ, गावात तुजं एकच घर. ह्यो मान गावानं दिलाय म्हून हाय. दिल्यालं गाव काढून बी घेतं. उगा शानपना करू नगंस."

रफीकभाईंचा चेहरा पडला. हा माणूस दुसऱ्या कशानं भ्यायला नसता. पण सुरी काढून घेतली तर गावात त्यांचं काय उरत होतं? वर्षातून एक दिवस सगळं गाव त्यांच्या हाताकडे बघायचं, तेवढंच. त्यांनी सुरीचं पातं फडक्याला पुसलं. मग अगदी हळू म्हणाले, "म्हंजे सायबानं निवडून घ्यायचं, आन उरल्यालं गावानं. आसंच न्हवं?"

"आसंच."

"चालंल गावाला?"

"न चालाया काय झालं?"

"बरं," रफीकभाई म्हणाले. ओरडणारा माणूस इतका हळू बोलला तेव्हाच मला कसंतरी झालं होतं.

वाटे पडले. गाव भोवती जमलं. मी वाटे पडायच्या आधीच देवळाकडे तोंड करून उभा राहिलो होतो. मागून आवाज आला, "ह्यो कुणाचा?"

"चिमाजीचा," मी म्हणालो.

एरवी नाव घेतलं की माणूस पुढं होतो, वाटा उचलतो, पाठोपाठ दुसरा पुकारा येतो. या वेळी मागं सगळं गप्प. कुणीतरी खाकरलं.

"ह्यो कुणाचा?"

"गेनबाअण्णांचा."

कुजबुज सुरू झाली. आणि मग चिमाजी बोंबलला, "आरं, ह्ये काय? निस्ती हाडं!"

मी वळलो. पहिल्यांदाच. ताडपत्रीच्या मधोमध केळीच्या पानावर ढीग होता. मांड्या, कलेज्या, बरगड्या, जेवढं म्हणून चांगलं मांस तेवढं सगळं त्यात. आणि भोवतीनं गावाच्या पानांवर मानेची हाडं, खूर, चरबीचे गोळे. सगळ्या पानांवर तेच, एकाही घराला फरक नाही.

चिमाजीनं रफीकभाईंची कॉलर धरली. पाठोपाठ आणखी चार हात आले. शिव्यांचा पाऊस पडला. मागून कुणीतरी त्यांच्या धर्मावर गेलं. कोण ते मला माहीत आहे. त्याचं पोरगं दवाखान्यात होतं तेव्हा रक्त रफीकभाईंनी दिलं होतं.

आनंदराव गाडीपाशी उभे होते, ते पांढऱ्या कपड्यांत सावकाश आले. "काय झालं रफीकभाई?"

"सायेब, तुमचा वाटा काढला," रफीकभाई म्हणाले. कॉलर अजून चिमाजीच्या मुठीत होती. "तुमच्या मान्सानं सांगितलं, अण्णांनी व्हय म्हनलं. निवडून तुमी घ्यायचं, उरल्यालं गावाचं." मग ते गावाकडे वळले आणि त्यांचा नेहमीचा आवाज आला. "कशाला वरडताय? साकवाचा वाटा आसाच पडला व्हता! सळई, सिमिट समदं एका पानावर, आन तुमच्या पानावर वढ्यातलं गोटं. तवा कुणाची कॉलर धरलीसा? रतनबाईचं हाड मोडलं तवा कुणाच्या तोंडातनं शबुद आला न्हाई. आन आज बोकडाच्या हाडापायी माज्या गळ्याला हात घालताय?"

चिमाजीची मूठ सैल झाली. मला वाटलं, आता. आता कुणीतरी आनंदरावांकडे तोंड करेल, नुसतं एक वाक्य विचारेल.

गेनबाअण्णा म्हणाले, "त्यो इषय येगळा."

अख्ख्या गावानं सुटकेचा श्वास सोडला. व्हय व्हय, त्यो इषय येगळा. मटणाचं बोला. आनंदराव हसले, हात जोडले आणि म्हणाले, "मला काही नको. माझा वाटाही गावाला देऊन टाका." काय सांगू तुम्हाला, टाळ्या पडल्या! शिट्ट्या वाजल्या! "सायबाचं मन मोठं हाय," असं म्हणणाऱ्यांत चिमाजीही होता. ज्याचं खाल्लं त्यालाच त्यातलं उष्टं परत देणारा मोठ्या मनाचा, आणि ज्यानं घासातला खडा दाखवला तो वाईट. संताप येतो हो, अजून येतो. सगळं मांस पुन्हा एकत्र करून चारपाच जणांनी वाटे घातले. रफीकभाईंनी सुरी धुतली, फडक्यात गुंडाळली आणि ओढ्याकडे चालायला लागले. मुलाण्यांचा वाटा पानावर तसाच राहिला.

आनंदराव निवडून आले. आमच्या गावातून त्यांना भरभरून मतं पडली. आणि कमिटीनं ठरवलं की रफीकला पुन्हा सुरी धरू द्यायची नाही.

यंदाच्या यात्रेला बाहेरचा माणूस आणला. त्यानं इलेक्ट्रॉनिक काटा आणला होता. वजन सगळ्यांचं सारखं, पण कुणाला नुसतं मांस आणि कुणाला नुसता पायाचा सांगाडा. दुपारपर्यंत तीन ठिकाणी मारामारी. चिमाजीचं डोकं फुटलं, टाके पडले. वाट्यांकडे पाठ करून उभा राहायला मीही गेलो नव्हतो. मी घरी बसलो होतो. यंदा आषाढात पुन्हा बोकडं कापून वाटे घालायचं ठरलं, त्याच्या आधी अण्णा म्हणाले, काही झालं तरी रफीकला आणू. अण्णा, चिमाजी आणि मी असे तिघे धोतरं-पँटी वर खोचून ओढ्यातून वाडीत गेलो. मी गेलो, कारण ते पुन्हा आलेले मला हवे होते.

रफीकभाईंच्या बायकोनं, रुकसानाभाभींनी, चहा ठेवला. अण्णा म्हणाले, "रफीक, झालं गेलं इसर. तुज्याबिगर वाटं सरळ पडत न्हाईत. गाव बोलवतंय तुला."

रफीकभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वर्षभर हेच ऐकायला हा माणूस थांबला होता, हे लहान पोरालाही कळलं असतं. त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "येतो अण्णा. का न्हाई येनार? फकस्त येक सांगा. साकवाचं इचाराया आनंदरावाकडं कवा जायाचं? म्या बी येतो तुमच्यासंगं. रतनबाईला बी उचलून आनतो."

अण्णांनी कप खाली ठेवला. "आरं, त्यो इषय येगळा."

रफीकभाईंनी चिमाजीकडे बघितलं. चिमाजी डोक्यावरची टाक्यांची खूण चाचपत बसला. मी म्हणालो, "मी येतो." अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मध्येच काहीतरी अभद्र बोललो.

रफीकभाई उठले, आत गेले. फडक्यात गुंडाळलेली सुरी घेऊन बाहेर आले आणि ती त्यांनी अण्णांपुढं ठेवली. धार लावलेली होती. यात्रा त्यांच्याविना झाली तरी धार लावलेली होती.

"सुरी गावाची हाय, ती घिऊन जावा," ते म्हणाले. "हात माजा हाय. त्यो न्हाई मिळायचा."

अण्णा सुरीला हात लावेनात, चिमाजीही लावेना. शेवटी मी उचलली. बाहेर पाऊस वाढला होता, ओढा मांडीपर्यंत चढला होता. शेजारच्या ओट्यावर रतनबाई भिंतीला टेकून बसली होती, ती आमच्याकडे बघत राहिली. चिमाजीनं अण्णांचा हात धरला, मी सुरी धरली, आणि आनंदरावांच्या फलकाच्या बाजूनं आम्ही तिघे पाण्यात उतरलो.