गार भिंतीजवळची जागा

"आजी घरात कुठे झोपतात?" सीटी स्कॅनची फिल्म उजेडात धरून डॉक्टरांनी विचारलं. आम्ही छातीचं दुखणं घेऊन गेलो होतो आणि हे घराची चौकशी करत बसले होते. मागच्या खोलीत, भिंतीला लागून, मी म्हटलं. "भिंत ओली असते का?" असते.

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं: हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस. म्हणजे बुरशीची बारीक धूळ रोज श्वासातून आत जाते, शरीराला ती सोसत नाही आणि फुफ्फुसं आतून सुजतात. सूज फार काळ राहिली की व्रण पडतात, त्याला फायब्रोसिस म्हणतात. अव्वाच्या दोन्ही फुफ्फुसांत ते पडले होते.

अव्वा म्हणजे माझी आई, मैंदर्गी गावची. आमच्याकडे कानडीचा शेजार, म्हणून आई नाही, अव्वा. वडील गेल्यावर तिला सोलापुरात, जुळे सोलापूर भागातल्या आमच्या भाड्याच्या घरी आणायला मी किती मिनतवाऱ्या केल्या! मी एकुलती लेक. तिने माझ्याजवळ राहावं, एवढंच मला हवं होतं.

सोलापुरात घराला ओल येते म्हटलं तर लोक हसतात. नळाला पाणी येतं तेच मुळी काही दिवसांआड. पण येतं त्या दिवशी गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली तरी मोटर बंद करायला कुणाचा हात धजत नाही. ते सगळं आमच्या मागच्या भिंतीवरून उतरायचं. घरमालक म्हणायचे, "पाणी आलंय तर भरू द्या की. दिवाळीला रंग मारून देतो." रंग मारला की थोड्याच दिवसांत काळे ठिपके पुन्हा हजर.

आणि उन्हाळ्यात तीच भिंत घरात सगळ्यात गार. बाहेर अंग भाजून निघत असताना तिथे पाठ टेकली की जीव निवायचा. म्हणून ती जागा अव्वाची. मोठ्या माणसाला चांगली जागा द्यायची असते. तीही खूश होती. "लई गार लागतंय गं हितं," म्हणायची. सकाळी उठून केरसुणीने भिंतीवरचं काळं झटकायची. रिकामं बसणं तिला ठाऊकच नव्हतं.

खोकला सुरू झाला तो कोरडा. मग चार पावलांत दम. सिरप झालं, अँटिबायोटिक झाली, थुंकी तपासली, टीबी नव्हता. जत्रेला मैंदर्गीला गेली की खोकला थांबायचा, परत आली की सुरू. मला फार लागायचं ते. वाटायचं, हिचं मनच माझ्याकडे रमत नाही.

डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं, "गावी गेल्यावर बरं वाटतं का, आजी?" अव्वाने आधी माझ्याकडे पाहिलं. "व्हय," म्हणाली. "पर लेकीला कसं सांगू? तिला वाटंल, हितं नको झालंय."

मग पीएफटी झाली. नळीत जोरात फुंकायचं, फुफ्फुसांची ताकद कळते. फुंकणीने चूल पेटवण्यात आयुष्य गेलेली बाई, पण तिची फुंकर पुरेना. रडकुंडीला आली. स्टेरॉईड लिहून देताना डॉक्टर म्हणाले, "सूज उतरेल, व्रण जाणार नाहीत. त्या घरात त्यांना आता एक दिवसही ठेवू नका."

तिला तसंच मैंदर्गीला नेलं, चुलतभावाच्या घरी. मग आम्ही सोलापुरातच भिंतींना हात लावून लावून दुसरं, कोरडं घर शोधलं. डॉक्टरही चालेल म्हणाले. अव्वा आली नाही. "तितं मला पुन्ना काय झालं तर तू सोताला खात बसशील. ऱ्हाऊ दे मला हितंच."

तुमच्या घरात भिंत ओली असेल तर रंगाखाली झाकू नका, कोरडी झटकू नका, पाणी येतं कुठून ते आधी थांबवा. आणि आपलं माणूस दुसरीकडे गेलं की बरं होत असेल तर मनाला लावून घेऊ नका. डॉक्टरांना सांगा.

रोज संध्याकाळी मी फोन करते. पूर्वी तीच बोलायची, मला मध्ये शिरता यायचं नाही. आता दोन शब्दांत तिला धाप लागते, म्हणून मी बोलते आणि ती नुसतं "हं" म्हणते. भावजय तिचं सगळं करते, तिचे उपकार कशाने फिटणार? कधी कधी ते "हं" यायला उशीर होतो. तेव्हा मी बोलायची थांबते आणि तिचा श्वास ऐकत राहते.