शालूच्या बोटांच्या मापाचा कप

खण्... खण्...

दाराची लोखंडी कडी, गाईनं शिंगानं हलवलेली.

लग्न होऊन कारध्याच्या या घरात आलेली शालू रोज सकाळी त्या आवाजावर पोळी घेऊन धावायची. "आली वं माय, आली! दार तोडतं का काय?"

गाई बदलल्या. कडी तीच, हाक तीच. शेवटची गाय चंद्री.

माझ्या बायकोला, शालूला जाऊन आज वर्ष झालं. तिच्यासाठी मी केलेल्या कपातून अजून कोणी घोटभर चहा घेतलेला नाही.

लकव्यानं तिचा उजवा हात गेला होता. बोटं आत वळलेली. पेला धरता येईना.
चहा मी चमच्यानं पाजायचो. ती भिंतीकडे बघत प्यायची.

एकदा टीव्हीवर बघून म्हणाली, "पुण्याकडं दिवाळीच्या पाडव्याले नवरा बायकोले गिफ्ट देते म्हणते."
"आपल्याकडं त्या दिवशी गायगोधन असते. गाईले सजवते."
"हाव ना! जल्मभर गाईचंच कौतुक पाहून राहिली मी. पुढच्या खेपेले शिंगं घेऊनच येईन."

हसलो दोघंही. पण मनात ठरलं. या पाडव्याला कप. तिच्या हातानं धरता येईल असा, माझ्या हातचा.

भंडाऱ्यात श्वेता नावाची मुलगी घरीच चिनीमातीच्या भांड्यांचा क्लास घेते. नदीवरचा पूल ओलांडून जाऊ लागलो. शाळकरी पोरींच्या घोळक्यात मी एकटा म्हातारा, एसटीतला रिटायर्ड कंडक्टर.
घरी सांगायचो, वाचनालयात जातो.

शालूनं माझी नखं बघितली. "काहून जी, वाचनालयात आता मातीचे पुस्तकं आले का?"

ती झोपलेली असताना तिच्या वळलेल्या तीन बोटांचं माप सुतळीनं घेतलं. अगदी त्याच मापाचा कान कपाला लावला.
भट्टीतून निघाला, तर त्यात दोनच बोटं मावतील!

"काका, माती भाजली का आकसते ना," श्वेता हसली. "माप ढिलं घ्या लागते."

पुन्हा माती मळली. पुन्हा वाळवणं, पुन्हा भाजणं, मग ग्लेझचा चकचकीत लेप, मग शेवटची भट्टी.
ती भट्टी गायगोधनाच्या सकाळी थंड व्हायची होती.

शेजारच्या मंगलाबाईला शालूजवळ बसवून मी निघालो.

"उघड ना वं बाई."
"आत्ताच उघडली तं तडकते, काका. दुपारपर्यंत बसा."

बसलो. शाळेतल्या कविता मनात म्हणत राहिलो. शालूला त्यांचा भारी राग. "तुमची कविता होतवरी माझा चहा थंडा होते."
आज तिचा पहिला घोट झाल्यावरच म्हणायची, असं ठरवत होतो.

मोबाइल वाजला. मंगलाबाई.
"भाऊजी, असान तसे या, लवकर."

श्वेतानं भट्टी उघडली.
कप तडकला नाही.

दुपट्ट्यात गुंडाळून छातीशी धरला. पुलावर चटका बसत होता.
घरी पोचलो तेव्हाही तो कोमट होता.
तिचा हात नव्हता.

त्या तीन बोटांत कप अडकवून पाहिला. बरोबर बसला. जरासुद्धा ढिला नाही.

नंतर मला धार काढणं जमेना. चंद्री गावाच्या दुसऱ्या टोकाला पुतण्याकडे दिली.
कप कपाटात आहे. लोक म्हणतात, त्यातच चहा घेत जा, तेवढीच सोबत.
नाही जमत. तो कान माझ्या हाताचा नाही.

शालू, इतक्या कविता पाठ आहेत, तुझ्यासाठी एक ओळ सुचत नाही.
"जिथं असशील तिथं सुखी राहा" असं लिहून पाहिलं. खोडलं.
तू कुठंच नाहीस. हे मला कळतं.
येतो म्हणत नाही, थांब म्हणत नाही. फक्त हा नमस्कार.

एवढं लिहून पोस्ट करणार, तेवढ्यात

खण्... खण्...

दार उघडलं.
चंद्री.

शिंगांना गेरू, गळ्यात झेंडूची माळ, तुटलेलं दावं मागे लोंबतंय. पुतण्याच्या घरची पूजा अर्धवट टाकून आलेली दिसते.

माझ्याकडे बघतसुद्धा नाही.
माझ्या बाजूनं मान लांब करून ती आत बघते आहे, शालूच्या खाटेकडे.