शाडूचा खेकडा

ओल्या शाडूचा वास आला की मला पेणचं ते उन्हाळी शिबिर आठवतं, आणि अजूनही डोकं तापतं. तेरा-चौदा वर्षांच्या वीस मुलांना मी मातीकाम शिकवत होते. वर तापलेले पत्रे, पंखा बंद. पहिले चार दिवस मुलांनी माती एकमेकांना फासण्यातच घालवले, पण शेवटच्या सकाळी प्रत्येकाने काहीतरी घडवलं. आदिवासी वाडीवरून येणाऱ्या एका मुलीने तर नांग्या उगारलेला खेकडा केला होता, आता चालू लागेल असा. तेवढ्यात आयोजक टेम्पो घेऊन आले. आत जवळच्या जोहे गावातल्या कारखान्यातून आणलेले रंगवलेले गणपती! "मॅडम, पाहुणे येतायत. फोटोत हेच बरे दिसतील," म्हणत त्यांनी मुलांची कामं बादलीत टाकायला लावली. खेकडा तर स्वतःच्या हाताने चेपला. "अहो, मुलांची मेहनत आहे ती!" मी ओरडले. "पाहुण्यांसमोर तमाशा नको," ते म्हणाले. मग प्रत्येक मुलापुढे एकेक गणपती मांडला गेला. पाहुणे आले आणि नेमके त्या मुलीपुढे थांबले. "वा! हा गणपती तू केलास?" ती सरळ म्हणाली, "नाय. मी खेकडा केलता. त्यो या सरांनी मोडला." सगळे हसले, आयोजकही हसले आणि फोटो निघाला. त्या आयोजकांचा उद्दामपणा मी आजवर कितीतरी जणांना तावातावाने सांगितला आहे. ती खरं बोलली तेव्हा मी शेजारीच गप्प उभी होते, हे मात्र आज पहिल्यांदा सांगते आहे.