पंख्याखालचे काका

तुळिंजला पाणी भरलं, रिक्षा पुढे जाईना, म्हणून मी रस्त्यालगतच्या हॉलमधल्या चित्रप्रदर्शनात शिरलो. माझ्या हातून कलेची सेवा अशीच होते. आत चित्रकार मुलगी एकटीच बसली होती. साठीचे एक अनोळखी काका मोठ्या निळ्या चित्रापुढे मान वर करून कधीचे उभे होते. शेवटी तिला राहवलं नाही.

"काका, काय जाणवलं?"

"पंखा. बरोबर इथेच लागतो. शर्ट वाळला की निघतो."

मला हसू फुटलं. तिचा चेहरा मात्र पडला, आणि ते काकांनी पाहिलं. मग ते दाढी खाजवत एकेका चित्रापुढे तितकाच वेळ उभे राहिले. शेवटच्या चित्रापाशी तिच्याकडे वळून म्हणाले, "बाकीची काय कळली नाय. हे मात्र बिलकुल आवडलं नाय."

ती ताडकन उठली. "का नाही आवडलं?"

"अगं, आभाळ कधी असं चिकट असतं का?"

"असतं! बाहेर बघा जरा!"

दोघंही हातवारे करत तावातावाने भांडू लागली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. पाऊस ओसरल्यावर मी "छान आहेत हं चित्रं" असं म्हणून निघालो. तिने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.